बाबांचा पीसी, मिंट आणि जुनी पत्रं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बाबांच्या डेस्कटॉपमध्ये सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मशीन मात्र ठणठणीत! म्हटलं, लिनक्स मिंट टाकूया.

इन्स्टॉलेशनचं फार कौतुक नको. पेनड्राइव्हवरून बूट केलं की हार्ड डिस्कला हात न लावता मिंट वापरून बघता येतं. वाय-फाय, प्रिंटर, आवाज... सगळं चालू.

खरी गोम वेगळीच होती. बाबांकडे सोसायटीची वीसेक वर्षांची पत्रं आहेत, वर्डमध्ये, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. अशा फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच हो! असतात रोमन अक्षरांचे नि चिन्हांचे कोड. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवतो. फॉन्ट गेला की पत्राची भेंडोळी.

म्हणून पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्येच तो टीटीएफ फॉन्ट टाकला आणि लिब्रेऑफिसमध्ये २००६ चं एक पत्र उघडलं. पाणीपट्टीची थकबाकी, जशीच्या तशी! टाइप करायचा जुना प्रोग्रॅम मात्र फक्त विंडोजचा. म्हणजे नवीन पत्रं युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट शिकून.

"जुनं वाचता येतंय ना? मग टाक पुसून," बाबा म्हणाले.

दोन ठिकाणी बॅकअप घेतला, मगच डिस्क पुसली.

सध्या बाबांची तक्रार एकच. 'ज्ञ' साठी ज, हलन्त आणि ञ? "हा ञ आयुष्यात कधी लिहिलाय का रे कोणी?"