कॉन्स्टेबल तबेल्यातला!

कॉन्स्टेबल म्हणजे मुळात तबेल्याचा अधिकारी, ठाऊक होतं तुम्हाला? लॅटिनमधला ‘कोमेस स्टाबुली’, म्हणजे राजाच्या पागेवरचा सरदार, तोच झिजत झिजत कॉन्स्टेबल झाला. आणि मार्शल? तो तर जुन्या जर्मन बोलीतला घोड्यांचा चाकर! म्हणजे सारंगखेड्याच्या यात्रेत बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस हा नावापुरता तरी तिथला सगळ्यात जुना घोडेवाला. हे कळल्यापासून भेटेल त्याला धरून सांगत सुटलोय.

या सगळ्याला कारण यंदाची दत्तजयंती. शहादा तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोडेबाजार. मी पहिल्यांदाच गेलो नि वेडाच झालो! टोकं आत वळून एकमेकांना भिडणाऱ्या कानांचे मारवाडी आणि काठियावाडी घोडे, रांगाच्या रांगा. तिथे नुसतं ‘घोडा’ कुणी म्हणतच नाही. शिंगरू, घोडी, तट्टू. रंगाने अबलख, कुमाईत. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. एक गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात बघत होतं, मग बोटांनी भोवरे चाचपत होतं. गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ भोवरा, सापडला आणि मालकाने भाव जो धरला तो सोडलाच नाही.

मनात आलं, इंग्रजीत या गोतावळ्याला काय म्हणत असतील? तिथेच शब्दकोश उघडला. वर्षाच्या आतलं शिंगरू, नर असो वा मादी, फोल. मग चार वर्षांचं होईतो नर तो कोल्ट, मादी ती फिली. आणि फिली ही फोलच्याच कुळातली. मोठी झाली की मेअर. खच्ची केलेला तो गेल्डिंग. स्टॅलियनमध्ये तर चक्क ‘स्टॉल’ दडलाय: पैदाशीसाठी ठाणबंद ठेवलेला घोडा! नाइटमेअरमधली मेअर मात्र घोडी नव्हे हं, ते झोपेत छातीवर बसणारं भूत.

उंची इंग्रज ‘हँड’मध्ये मोजतात. एक हँड म्हणजे चार इंच. आपला हात दीड फुटाचा. त्या हिशेबाने त्यांचा पंधरा हँडांचा घोडा साडेबावीस फूट व्हायचा! सारंगखेड्यात सरळ इंचात बोलतात, ते बरं.

पण खरा कळस चालींचा. वॉक, ट्रॉट, कँटर, गॅलप. यातला कँटर म्हणजे कँटरबरीच्या यात्रेकरूंची चाल! इंग्लंडातल्या त्या तीर्थाला घोड्यावरून जाणारी माणसं ज्या बेताच्या दौडीने जात, तिचंच ते नाव. यात्रेतला शब्द यात्रेतच सापडावा, आहे की नाही गंमत?

आता रंगांच्या मागे लागलोय. आपल्या काळ्यापांढऱ्या अबलखाला ते पायबॉल्ड म्हणतात, आणि त्यातला ‘पाय’ म्हणजे मॅगपाय पक्षी. काळ्याच्या जागी तांबडा आला की शब्दच बदलतो: स्क्यूबॉल्ड!