अस्सलबरहुकूम नक्कल

परवा ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या उग्र वासात, नव्वद मिनिटांची एक कॅसेट हाती लागली. आणि वडिलांच्या साऱ्या फिती मी एकेकाळी ज्याच्या स्वाधीन केल्या होत्या त्या दुकानदारावरचा, कधीच न शमलेला माझा राग पुन्हा उफाळून आला. त्याने १२८ किलोबिटांच्या एमपीथ्री करून दिल्या, प्रत्येकीचा आरंभ व अखेर निरुपयोगी समजून छाटून टाकली, आणि मी मूळ फिती मागावयास गेलो तेव्हा त्या भंगारात गेल्या होत्या.

वडील मामलेदार कचेरीच्या दफ्तरखान्यात कारकून होते. मुळाशी अक्षरशः रुजुवात झाल्याखेरीज कोणत्याही कागदावर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा पडत नसे, हा त्यांचा धर्म होता. शनिवारी रात्री आकाशवाणीचा अखिल भारतीय संगीत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करताना, गायकाच्या आधी नुसता तंबोरा यावा म्हणून ते अगोदरच कळ दाबीत, आणि शेवटी यंत्राजवळ वाकून कलावंताचे व रागाचे नाव हलकेच उच्चारीत. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानने आपल्या तबकडीच्या अंती स्वतःचे नाव पुकारले, ते परदेशी कारखान्यात ओळख पटावी म्हणून. वडिलांना ते ठाऊक होते की नाही, हे मी कधी विचारले नाही.

मोठ्या स्वराच्या आश्रयाला असलेला क्षीण स्वर कानाला जाणवत नाही, या सिद्धांतावर एमपीथ्रीची सारी काटकसर उभी आहे; परंतु आपल्या गायनात तो क्षीण स्वर म्हणजेच तंबोरा! तारेखालच्या सुताने खुलणारी जवारी त्या १२८ किलोबिटांत मला पाण्याखाली बुडाल्यासारखी ऐकू येते. सीडीच्या प्रतीचा ध्वनी, म्हणजे दोन वाहिन्यांत प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० नमुने व दर नमुन्याला १६ बिट, १४११ किलोबिट मागतो. म्हणजे येथे अकरावा हिस्साच शिल्लक राहिला. २००१ साली सिद्ध झालेले फ्लॅक हे ध्वनिस्वरूप मात्र मूळातला एकही बिट टाकीत नाही, बहुधा निम्म्याच्या आसपास जागेत भागवते, आणि मूळ ध्वनीचा पडताळा घेता यावा म्हणून त्याची गणिती खूण आपल्याच पोटात बाळगते. दुकानदाराच्या नकला फ्लॅकमध्ये घातल्या तर मात्र गेलेले काही परतत नाही, केवळ जागा अधिक अडते. म्हणून त्यांना मी हात लावला नाही.

सापडलेली कॅसेट काल रात्री फ्लॅकमध्ये उतरविली आणि रुजुवात करून घेतली. आरंभी दीड मिनिट नुसता तंबोरा आहे; अखेरीस अकरा सेकंद वडिलांचा आवाज आहे.