कोटी फाइल्स काढून टाकताना

महासंगणकाच्या सामायिक साठ्यातून फाइल्स काढायला किती वेळ लागेल, हे मुख्यतः त्यांच्या संख्येवर ठरते. एक टेराबाइटची एकच फाइल असली की कमांड लगेच परतते. तेवढाच डेटा एक कोटी फाइल्समध्ये विखुरलेला असेल, तर काम तासन्‌तास चालते.

लस्टर या फाइल सिस्टीममध्ये फाइलचे नाव, मालक आणि परवानग्या मेटाडेटा सर्व्हरकडे असतात. प्रत्यक्ष डेटा ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या तुकड्यांच्या रूपात ऑब्जेक्ट सर्व्हरांवर असतो. प्रत्येक फाइल काढण्यासाठी मेटाडेटा सर्व्हरकडे स्वतंत्र विनंती जाते आणि तिचे उत्तर आल्याशिवाय फाइल काढणारी ‘आरएम’ कमांड पुढची विनंती पाठवत नाही. एका फेरीला एक मिलिसेकंद धरला, तरी कोटी फाइल्सना १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून जास्त वेळ लागतो.

जुन्याच फाइल्स काढायच्या असतील, तर त्या शोधणेही महाग पडते. साधी ‘फाइंड’ तारीख किंवा आकार विचारते, तेव्हा ऑब्जेक्ट सर्व्हरांनाही कामाला लावते. लस्टरची ‘एलएफएस फाइंड’ शक्य तिथे मेटाडेटा सर्व्हरवरच भागवते. आयबीएमच्या जीपीएफएसमध्ये पॉलिसी इंजिन अनेक नोड्सवरून एकाच वेळी फाइल्स चाळते आणि नियमात बसतील त्या काढते.

खरा वेग समांतर कामातून मिळतो. ‘डीआरएम’सारखे साधन डिरेक्टऱ्यांचे झाड अनेक प्रोसेसमध्ये वाटून घेते आणि सर्वांत खोल पातळीपासून वर येत काढत जाते, कारण रिकामी झाल्याशिवाय डिरेक्टरी काढता येत नाही. मात्र मेटाडेटा सर्व्हर सगळ्यांचा असतो. प्रोसेस बेसुमार वाढवल्या, तर दुसऱ्या संशोधकाची फाइल्सची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’ही अडकते. म्हणून त्या हळूहळू वाढवाव्यात आणि वेग वाढायचा थांबला की तिथेच थांबावे.

इथे कचरापेटी नसते. गेलेली फाइल कुणाच्या तरी कित्येक महिन्यांच्या गणिताचे फळ असू शकते. त्यामुळे आधी डिरेक्टरीचे नाव बदलून काही दिवस वाट पाहणे शहाणपणाचे. ती कितीही मोठी असो, त्याच फाइल सिस्टीममध्ये नाव बदलायला फार वेळ लागत नाही, आणि कुणाचा प्रोग्राम अडला तर जुने नाव परत देता येते.

काम संपल्यावरही जागा लगेच मोकळी दिसत नाही. ऑब्जेक्ट मागाहून नष्ट होतात आणि एखाद्या प्रोग्रामने उघडी ठेवलेली फाइल बंद होईपर्यंत जागा अडवते. त्यामुळे मोकळी जागा आणि आयनोडची (फाइलमागच्या नोंदींची) संख्या दोन्ही थोड्या वेळाने तपासावीत.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र फाइल्स तयार होतानाच करायचा असतो: लहान निकाल ‘टार’ किंवा ‘एचडीएफ५’च्या एका फाइलमध्ये बांधले, तर ते काढायला एकच विनंती पुरते.