तेलवाहिनीतले वर्गमूळ

तेलवाहिनीच्या बातमीत दोन आकडे हमखास असतात: किती किलोमीटर आणि किती कोटी. मला त्या बातमीत सहसा न छापला जाणारा तिसरा आकडा शोधण्याची सवय जडली आहे. एका खेपेत किती इंधन सोडायचे, हा तो आकडा. उपयोजित गणिताकडे मी ओढला गेलो तो अशाच प्रश्नांमुळे.

मुंबईहून मनमाडमार्गे दिल्लीतल्या बिजवासनपर्यंत जाणारी वाहिनी पाहा. अशा वाहिनीत पेट्रोल आणि डिझेल एकाच नळीतून, एकामागोमाग एक वाहतात. दोघांच्या मध्ये सहसा कसलाही पडदा नसतो. साहजिकच जिथे एक संपून दुसरे सुरू होते, तिथे त्यांची सरमिसळ होते. हा मिश्र भाग वेगळा काढून त्याची विल्हेवाट लावण्यात पैसा जातो.

जेफ्री टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये नळीतल्या प्रवाहात पदार्थ कसा पसरतो याचे गणित मांडले. त्यावरून दिसते की मिश्र भागाची लांबी साधारणपणे अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. अंतर चौपट झाले, तरी सरमिसळ दुप्पटच! म्हणजे लांबचा प्रवास त्या मानाने स्वस्त. महाग पडते ते वारंवार इंधन बदलणे.

मग खेपा मोठ्याच का करू नयेत? कारण पेट्रोलची खेप चालू असताना पलीकडच्या आगारातली डिझेलची मागणी थांबत नाही. तेवढे दिवस पुरेल असा साठा टाक्यांत हवा, म्हणजे टाक्या मोठ्या हव्यात आणि भांडवलही अडकून पडते. या ओढाताणीचे सर्वांत साधे उत्तर फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये दिले होते. किफायतशीर खेप मागणीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सरमिसळीचे भौतिकशास्त्र आणि साठ्याचे अर्थकारण, दोन्हींत तेच वर्गमूळ भेटावे, याचे मला आजही नवल वाटते. प्रत्यक्ष नियोजन अर्थातच याहून गुंतागुंतीचे असते. खेपांचा क्रम, घाट चढताना लागणारा पंपांचा दाब, रिकाम्या टाक्या हे सारे एकत्र बसवायला लिनियर प्रोग्रॅमिंग आणि त्याचा पूर्णांकांतला विस्तार लागतो.

परंतु हॅरिस यांचे सूत्र रोजचा खर्च मोजते. संकट मोजत नाही. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथे खडकात कोरलेल्या गुहांमध्ये मिळून ५३.३ लाख टन कच्चे तेल साठवण्याची सोय आहे. भोवतालच्या भूजलाचा दाब ते तेल गुहेतून झिरपू देत नाही. केवळ रोजच्या हिशोबाने पाहिले, तर हा साठा म्हणजे अडकलेले भांडवल. आयात खंडित झाली, तर मात्र त्याचे मोल वेगळेच ठरते. लडाखमध्येही बर्फाने रस्ते बंद होण्याआधी हिवाळ्याचे इंधन भरून ठेवावे लागते. तिथे सरासरी मागणीवर विसंबून कसे चालेल?

इंधनाविना गेलेल्या एका दिवसाची किंमत किती धरायची, हे कोणतेही समीकरण सांगत नाही. ती आपण ठरवतो आणि समीकरणात भरतो. ती फक्त बुडालेल्या विक्रीएवढी धरली, तर संगणक दूरच्या, लहान आगाराला बिनदिक्कत शेवटच्या क्रमांकावर टाकील. त्याचे गणित अचूकच असेल. त्या आगारावर अवलंबून असलेली रुग्णवाहिका मात्र उभी राहील.

म्हणून गणित शिकणाऱ्या मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते: किमान खर्च काढण्याची पद्धत जरूर शिका. पण तो खर्च कोणाचा धरला आहे आणि कोणाचा राहून गेला आहे, हे गणित मांडण्याआधी विचारा. उत्तर आल्यावर तो प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.