डोकं आधीच लावलंय

धरमपेठ, नागपूर

चि. ठकीस,


तुझा तो डॉबलच्या पत्त्यांचा गोल डबा इथेच राहिला म्हणून तुझी आई फोनवर हळहळत होती. तिला सांग, डबा सुखरूप आहे, फक्त लगेच परत मागू नका. तो सध्या आमच्या संध्याकाळच्या मंडळाच्या ताब्यात आहे. ते मंडळ म्हणजे कोण ते तू पाहिलंच आहेस: रेल्वेतून निवृत्त झालेले एक, बँकेतले दोघं, एक होमिओपॅथ आणि मी. इतकी वर्षं रमी आणि मेंढीकोट यापलीकडे न गेलेली ही माणसं आता पार्किंगमधल्या टेबलाभोवती उभी राहून ‘कासव!’, ‘कात्री!’ असं ओरडत असतात. वॉचमनने दोनदा येऊन भांडण तर नाही ना, याची खात्री करून घेतली.

पण जाताना तू म्हणालीस, ‘मामा, ह्याला डोकं लागत नाही, नुसती नजर आणि हात.’ तेव्हा रिक्षा दारात उभी होती म्हणून गप्प बसलो. आता सवडीने लिहितो, तूही सवडीने वाच.

मंडळाला खेळ शिकवायला फार वेळ लागला नाही. गोल पानं, प्रत्येकावर आठ चित्रं. एकेक पान हातात, बाकीचा गठ्ठा मधे, उघडा. आपल्या पानावरचं जे चित्र मधल्या पानावरही आहे ते आधी ओरडेल त्याने ते पान उचलायचं. आता त्याचं नवं पान ते, आणि गठ्ठ्यावर खालचं पान उघडं. शेवटी ज्याच्याकडे जास्त पानं तो जिंकला. वाटणी नाही, हुकूम नाही, उतारी नाही, पाळी म्हणून नाहीच. बँकवाल्यांपैकी एकाने विचारलं, ‘पण जोडी नसेलच तर?’ मी म्हटलं, असतेच. प्रत्येक वेळी, कोणत्याही दोन पानांत, एक आणि एकच. यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांना खात्रीशीर दामदुप्पट योजना विकतोय.

आणि दुसऱ्याच डावात पेच आला. मधलं पान आणि होमिओपॅथांच्या हातातलं पान; दोन्हींकडे आम्ही पाचही जण टक लावून. इकडे डायनासोर, चावी, बर्फाचा खडा, कोळ्याचं जाळं; तिकडे गाजर, झेब्रा, कुलूप, मेणबत्ती... काही केल्या जुळेना. चष्मे कपाळावर गेले, पुन्हा नाकावर आले. रेल्वेवाले म्हणाले, ‘छपाईची चूक आहे, कंपनीला लिहा.’ मी चहाची पैज लावली. मेणबत्तीच होती ती. एका पानावर जवळजवळ अर्धं पान व्यापून उभी, दुसऱ्यावर नखाएवढी, कडेला, उलटी. पाच जोडी डोळ्यांसमोर उघडी पडलेली, आणि पाचही जणांना दिसली नाही. खेळ करणाऱ्यांची सगळी हुशारी इथे आहे बघ. चित्र तेच, पण लहान-मोठं करून आणि फिरवून छापलेलं. आपली नजर ‘मोठ्याशी मोठं’ ताडून बघत बसते आणि फसते. म्हणून माझी एक युक्ती सांगतो (मंडळाला सांगितलेली नाही): आकार शोधू नकोस, रंग शोध. आकार फिरला की ओळख पटायला वेळ लागतो. हिरवं मात्र उलटं केलं तरी हिरवंच.

आता मुद्द्यावर येतो. लहानपणी तुझी आई आणि मी सुट्टीत भिकार-सावकार खेळायचो. त्यातही जोडी लागली की गठ्ठा आपला. पण तिथे जोडी यायची वाट पाहायची. येईल तेव्हा येईल, कधी कधी दुपार जायची. रमीत तर पानं आली नाहीत हे रडगाणं कायमचंच. आमच्या मंडळात हरलेल्या प्रत्येक डावाचं खापर वाटणाऱ्यावर फुटतं. डॉबलमध्ये (अमेरिकेत ह्यालाच ‘स्पॉट इट’ म्हणतात) ही सोय नाही. तुझं पान आणि मधलं पान यांच्यात जोडी आहे, माझं आणि मधलं यांच्यातही आहे. वाट बघायची नाही, नशिबाने द्यायचं काही उरलेलं नाही. तू जिंकलीस कारण तुला आधी दिसलं, एवढंच. बँकवाले पहिले दोन दिवस याच गोष्टीवर चिडले होते. हरायला हरकत नव्हती त्यांची, पण कारण सापडत नव्हतं.

ही जी खात्री आहे, कोणत्याही दोन पानांत एकच जोडी, ती आपोआप येत नाही. करून बघ. आठ चित्रांची पानं मनाने भरायला घे. दहाव्या-बाराव्या पानाशी कुठेतरी दोन जोड्या होतील नाहीतर एकही होणार नाही. डोकं लागतं ते इथे. तुझ्या वाट्याला नजर आणि हात आलेत, कारण डोकं दुसऱ्यांनी आधीच लावून ठेवलंय.

लहान नमुना देतो. कागदाचे सात तुकडे कर आणि प्रत्येकावर तीन चित्रं काढ. आंबा, बैल, छत्री. आंबा, दिवा, पतंग. आंबा, मासा, घड्याळ. बैल, दिवा, मासा. बैल, पतंग, घड्याळ. छत्री, दिवा, घड्याळ. छत्री, पतंग, मासा. झाली सात. आता डोळे मिटून कोणतीही दोन उचल. एकच जोडी मिळेल. चित्रंही सातच लागली, आणि प्रत्येक चित्र तीन पानांवर आलं. पानं आणि चित्रं यांचा हा जो बरोबरीचा हिशेब आहे, तोच मोठ्या डब्यातही आहे.

मोठ्या डब्याचा हिशेब असा. पूर्ण संचात प्रत्येक चित्र आठ पानांवर येतं. एक पान हातात घे. त्यावरच्या आठ चित्रांपैकी प्रत्येक चित्र आणखी सात पानांवर असणार. बाकीच्या प्रत्येक पानाची तुझ्या पानाशी एकच जोडी, म्हणजे कुठलंही पान दोनदा मोजलं जात नाही. आठ साते छप्पन्न, अधिक हातातलं एक: ५७. चित्रंही ५७. आता डब्यातली पानं मोज. ५५ भरतील. हरवली नाहीत, घाबरू नकोस, छापतात तेवढीच. दोन गाळली आहेत. ती दोन पानं कोणती हेसुद्धा डब्याबाहेर न जाता ओळखता येतं. कोणतं चित्र किती वेळा आलंय ते मोज. बेचाळीस चित्रं आठआठदा येतील, चौदा चित्रं सातसातदा, आणि एकच बिचारं सहादा. माझ्या माहितीतल्या मूळ संचात तो मान बर्फाच्या बाहुल्याचा आहे. म्हणजे गाळलेल्या दोन्ही पानांवर तो होता, आणि ती चौदा चित्रं दोघांनी सातसात वाटून घेतलेली. (कुठली सात कुठल्या पानावर, हे कसं ठरवायचं ते तुझ्यावर सोडतो. ठरतं.)

गणितात या रचनेला प्रोजेक्टिव्ह प्लेन म्हणतात. पान म्हणजे रेषा, चित्र म्हणजे बिंदू. कोणत्याही दोन रेषा एका आणि एकाच बिंदूत भेटतात, समांतर रेषासुद्धा. हे मंडळाला सांगताना मी रुळांचं उदाहरण दिलं, दूरवर रूळ भेटल्यासारखे दिसतात ना, तसं. रेल्वेवाल्यांनी ताबडतोब हरकत घेतली: रूळ भेटले तर गाडी घसरेल. त्यानंतर मी उदाहरणं देणं बंद केलं.

या रचनेपासून खेळापर्यंत पोचायची वाट गमतीची आहे. १८५० साली इंग्लंडात थॉमस किर्कमन नावाच्या पाद्र्याने एक कोडं छापलं. शाळेतल्या पंधरा मुली रोज तिघीतिघींच्या रांगांनी फिरायला जातात. आठवड्याचे सातही दिवस अशा रांगा लावायच्या की कोणत्याही दोघी दोनदा एका रांगेत येऊ नयेत. सव्वाशे वर्षांनी, १९७६ च्या सुमारास, झाक कोतेरो या फ्रेंच माणसाने त्या कोड्यावरून किड्यांच्या चित्रांचा एक खेळ बनवला: ३१ पानं, प्रत्येकावर सहा किडे. तो तसाच पडून राहिला. पुढे देनी ब्लांशो यांच्या हाती त्यातली काही पानं लागली, त्यांनी किडे काढून टाकले, संच मोठा केला आणि २००९ मध्ये डॉबल फ्रान्समध्ये बाजारात आला. मुलांसाठी त्याचीच छोटी आवृत्ती मिळते, सहा चित्रांची, ३० पानांची. तिथेही पूर्ण संचातलं एक पान कमीच.

आता तू विचारशील, सहा आहेत, आठ आहेत, मग सात चित्रांचा संच का नाही? हा प्रश्न तुला पडावा म्हणूनच मी एवढं लिहितोय. वरचा हिशेब लावला तर सात चित्रांना ४३ पानं व्हायला हवीत. पण होत नाहीत, आणि कुणीही कितीही डोकं लावलं तरी होणार नाहीत. याचं मूळ ऑयलर या गणितज्ञाच्या १७८२ सालच्या कोड्यात आहे. सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एक असे ३६ अधिकारी. त्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असं उभं करायचं की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण एकदा आणि प्रत्येक हुद्दा एकदा यावा. ऑयलरला ते जमेना. १९०१ पर्यंत गास्तों तारी या फ्रेंच माणसाने हाताने सगळ्या शक्यता तपासून ते अशक्यच असल्याचं दाखवलं. सात चित्रांचा ४३ पानांचा संच असता, तर त्यातून हा चौकोन तयार करता आला असता. चौकोन नाही, म्हणून संच नाही, म्हणून दुकानात तो डबा नाही.

ऑयलर मात्र सहावर थांबला नव्हता. त्याचा अंदाज होता की १०, १४, १८, २२ अशा सगळ्याच आकड्यांना हे चौकोन बनणार नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द. १७७ वर्षं तो कुणी खोडू शकलं नाही. १९५९ मध्ये खोडला तो राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि शरदचंद्र शंकर श्रीखंडे या तिघांनी. बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौकोन बांधला, पार्कर यांनी १० चा, आणि मग तिघांनी मिळून दाखवलं की २ आणि ६ सोडले तर ऑयलर सगळीकडेच चुकला होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताची बातमी, पहिल्या पानावर!

यातले श्रीखंडे आपल्या नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकले, पुढे तिथे शिकवलंही. डॉक्टरेट केली ती अमेरिकेत, बोस यांच्याच हाताखाली. १९६३ पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते प्रमुख होते. २०२० मध्ये गेले, १०२ वर्षांचे होऊन. मी जन्मभर या गावात गणित शिकवलं आणि सांगायला वाईट वाटतं, आमच्याकडच्या फारच थोड्या मुलांना हे नाव माहीत असतं. क्रिकेटपटूंच्या धावांची सरासरी मात्र दशांशचिन्हासकट पाठ असते. असो, हा माझा जुना राग आहे, तुझ्यावर काढत नाही.

खेळाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. एक, वयाचा तोटा होतो का? होतो, पण वाटला होता तितका नाही. डोळ्यांना दिसणं आणि तोंडातून नाव बाहेर पडणं यांच्यात जी फट असते तिथेच आम्ही मार खातो. होमिओपॅथांना सगळ्यांत आधी दिसतं, पण ते ‘अं... अं... ते आपलं...’ करत राहतात आणि तेवढ्यात पान जातं. संगीताच्या त्या वळणदार खुणेला काय म्हणायचं ते कुणालाच माहीत नव्हतं; आता सर्वानुमते तिला ‘जिलबी’ म्हणतात आणि ते चालतं. दुसरं, चुकीचं नाव घेतलं तर मिळवलेलं एक पान गठ्ठ्याखाली घालायचं, हा आमचा घरचा नियम. तुम्ही पुण्याला तो लावून बघा. नुसता आरडाओरडा करून जिंकणाऱ्यांना बरोबर लगाम बसतो. तुझ्या त्या मैत्रिणीला विशेषतः.

मामी म्हणतेय की दिवाळीला चार दिवस जास्तच काढून ये. मंडळाने तुला आव्हान दिलंय. त्यांचा सराव रोज चालू आहे आणि टेबलावर नवा मोठा दिवाही लावून घेतलाय, तेव्हा अंधाराची सबब मिळणार नाही.

तोवर एक काम. तीन चित्रांचा संच मी वर दिला. चार चित्रांचा तू बनव: तेरा पानं, तेरा चित्रं, कोणत्याही दोन पानांत एकच जोडी. बनतो, नक्की बनतो. इंटरनेटवर बघितलंस तर मला कळेल, कारण तिथे चित्रांऐवजी आकडे असतात. पहिल्या चारही पानांवर एक चित्र तेच ठेव, म्हणजे सुरुवात सोपी जाईल. पुढे अडलीस तर फोन कर. उत्तर सांगणार नाही, पण कुठे अडलीस ते ऐकून घेईन.

तुझा,
मामा