कमी झाले म्हणजे किती?

मागच्या महिन्यात बातमी दिली होती, "खाडीतल्या तिसऱ्या घटल्या". चौघांशी बोललो, एक फोटो लावला, झाली बातमी. दुसऱ्या दिवशी बाजारात तिसऱ्या विकणाऱ्या मावशींनी हटकलं. "मेल्या, कमी झाले म्हणजे किती? नि कधीपासना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'पूर्वीपेक्षा कमी' एवढंच वीस वर्षं लिहीत आलोय.

मग कोण कसं मोजतं ते शोधत बसलो आणि पोचलो थेट कॅलिफोर्नियाला (मोबाईलवरच हो!). तिथे चॅनेल आयलंड्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. पाच बेटं आणि भोवतीच्या समुद्रात केल्पची जंगलं. केल्प म्हणजे तपकिरी शैवाल, पण उंची शंभर फुटांपर्यंत. १९८२ पासून दरवर्षी पाणबुडे त्याच ठरलेल्या जागी उतरतात, शंभर मीटरच्या त्याच रेषेवर चौकट ठेवतात आणि मोजतात. केल्प किती, शेवंडी किती, तारामासे किती, काटेरी सी अर्चिन किती. अर्चिनचा आकारसुद्धा पट्टीने मापतात. कंटाळवाणं काम, बातमी होईल असं त्यात काही नाही.

पण गंमत बघा. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं, वादळं केल्प उपटून नेतात. त्या एका वर्षाचा फोटो पाहिला तर जंगल संपलं असंच वाटेल, आणि माझ्यासारखा तशी हेडलाईन देऊन मोकळा होईल. पुढे बऱ्याच ठिकाणी ते परत उभं राहतं. अ‍ॅबलोनी नावाची मोठी समुद्री गोगलगाय मात्र घटली ती सावरलीच नाही. हा फरक कळला तो वर्षानुवर्षांच्या आकड्यांमुळे. १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला तिची मासेमारी बंद झाली, त्यामागे ही मोजणीही होती. तरी पांढऱ्या अ‍ॅबलोनीला उशीरच झाला, २००१ मध्ये ती नामशेष होण्याच्या यादीत गेली.

२०१३ पासून तारामासे रोगाने झडू लागले. त्यातला सूर्यफुली तारामासा अर्चिन खातो आणि अर्चिन केल्प खातात. आधी किती होते हे लिहून ठेवलेलं होतं, म्हणून किती गेले ते सांगता आलं.

मावशींना परवा हे सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या सासूची हिशेबाची वही असतली खंयतरी."

अजून सापडलेली नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तिसऱ्यांच्या विक्रीचा जुना हिशेब असेल तर इनबॉक्सात कळवा, मी घरी येऊन उतरवून घेतो.