न गाळलेले पाणी

ऑक्टोबर २०२४ मध्ये अण्णा लेकीकडे जोहान्सबर्गला गेले, तेव्हा त्यांच्या पेटीत कपड्यांखाली पाणी गाळण्याचे दुहेरी वस्त्र नीट घडी करून ठेवलेले होते. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावात त्यांनी तीस वर्षे भूगोल शिकवला होता. रात्रीभोजनत्याग आणि गाळलेले पाणी हे दोन नियम त्यांनी नोकरीत, प्रवासात, आजारपणातही मोडले नव्हते. सतरा वर्षांच्या नातवाने मात्र त्यांच्यासाठी वेगळाच बेत आखून ठेवला होता. झांबियातील लिव्हिंग्स्टन या गावी जायचे, व्हिक्टोरिया धबधबा पाहायचा आणि त्याच्या पायथ्याशी सुरू होणाऱ्या बटोका घळीतून रबरी तराफ्यात बसून झांबेझी नदी उतरायची.

धबधब्याला अण्णांची हरकत नव्हती. तराफ्याला होती, आणि ती त्यांनी शास्त्राच्या आधारे मांडली. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक म्हणजे प्रमादचर्या, अर्थात कारणावाचून माती उकरणे, पाणी उडवणे, आग पेटवणे. अप्काय जीवांची अशी निष्कारण विराधना केवळ मौजेसाठी श्रावकाने का करावी? नातवाने शांतपणे सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आजोबा, तुमची हरकत पाण्यातल्या जीवांसाठी आहे, की तुम्हांला भीती वाटते म्हणून?"

अण्णांनी उत्तर दिले नाही. लेकीने मुलाला डोळ्यांनीच दटावले.

ऑगस्ट २०१९ मधला महापूर सांगली-कोल्हापूरच्या कोणत्याही घराला सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली होती. अण्णा आणि त्यांच्या पत्नी वरच्या मजल्यावर अडकले होते. पत्नीला मधुमेह होता आणि इन्सुलिन संपत आले होते. ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसे बुडाल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारातही नाव येऊन थांबली. अण्णांनी ती परत पाठवली. पाणी ओसरेपर्यंत पुढचे दिवस कसे गेले, ते त्या दोघांनाच ठाऊक. पत्नी त्या पुरातून वाचल्या. दोन वर्षांनी वेगळ्याच आजाराने गेल्या. लहानपणी कृष्णेत डुंबलेल्या अण्णांनी त्यानंतर नदीत पाऊल ठेवले नव्हते, आणि ती परत पाठवलेली नाव त्यांच्या मनातून कधी गेली नव्हती.

नातवाच्या प्रश्नानंतर दोन दिवसांनी ते म्हणाले, "माझेही नाव घाल."

धबधब्यापाशी पोहोचल्यावर त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. सुमारे १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच असा हा कडा. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने तो १८५५ मध्ये पाहिला आणि आपल्या राणीचे नाव त्याला दिले. स्थानिक लोक त्याला 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गर्जणारा धूर, असे आधीपासूनच म्हणत होते. कोरड्या ऋतूचा शेवट असल्याने झांबियाच्या बाजूचा कडा बराचसा उघडा पडला होता आणि काळा खडक दिसत होता. अण्णांनी त्यावर तळवा टेकला. बेसॉल्ट! सह्याद्रीसारखाच लाव्हारसाचा पाषाण, मात्र वयाने सह्याद्रीपेक्षा कितीतरी थोर. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा पसरला तेव्हा भारत आणि आफ्रिका एकाच गोंडवन भूखंडात होते. नदीने या खडकातील कमकुवत भेगा कोरत कोरत धबधबा मागे नेला. खालची नागमोडी घळ म्हणजे त्याने एकामागून एक सोडलेल्या जुन्या जागा. नातू ऐकत होता. आजोबांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी वर्गातली खणखणीत धार आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरस्त्राण आणि तरंगजाकीट घालून सारे घळीत उतरले. तराफ्याच्या मागच्या टोकाला वाटाड्या बसला होता. तो काठावरच्याच टोंगा समाजाचा. त्याच्या गळ्यात सर्पाकृती न्यामीन्यामीचे, म्हणजे झांबेझीच्या देवतेचे, कोरीव पदक होते. निघण्यापूर्वी त्याने अर्धा तास केवळ सूचना दिल्या. वल्हे कसे धरायचे, 'खाली बसा' म्हटले की तळाशी कसे दडायचे, तराफा कलला तर उंच बाजूकडे कसे झेपावायचे. शेवटी म्हणाला, "पाण्यात पडलात तर नदीशी भांडू नका. ती तुमच्याहून बळकट आहे. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवा, दोरी हाती लागली तर सोडू नका. जाकीट तुम्हांला वर आणेल. थोडा वेळ लागेल, एवढेच."

१९८१ मध्ये या घळीतून पहिल्यांदा तराफे उतरले, तेव्हापासून इथल्या रॅपिडांना, म्हणजे नदीच्या उसळत्या उतारांना, क्रमांक आणि नावे मिळाली आहेत. पहिले चार पार झाले. पाचव्याचे नाव 'स्टेअरवे टू हेवन', स्वर्गाचा जिना. जैन माणसाला स्वर्ग हा शेवटचा मुक्काम नसतो, असे अण्णा लेकीला म्हणत होते, तोच समोरची लाट भिंतीसारखी उभी राहिली. तराफा तिच्यावर चढला, क्षणभर थांबला आणि आडवा झाला.

खाली अंधार होता. वर कुठे आणि खाली कुठे, ते कळेना. अण्णांनी सवयीने णमोकार सुरू केला. कायोत्सर्गात नऊ णमोकार सत्तावीस श्वासांत म्हणायचे, ही त्यांची आयुष्यभराची रीत; इथे श्वासच नव्हता. पहिल्या पदापाशीच मंत्र अडला. हातपाय झाडावेसे वाटत होते. मग वाटाड्याचे शब्द आठवले आणि त्यांनी शरीर सैल सोडले. रोज भिंतीपाशी उभे राहून 'हा देह माझा नव्हे' असे ते मनाशी म्हणत आले होते. आज प्रथमच देह खरोखर सोडून द्यावा लागला. आणि तो वर आला. डोळ्यांसमोर आकाश, नाकातोंडात झांबेझी, आणि शेजारी बचावाच्या कयाकवरच्या तरुणाचा पुढे केलेला हात.

तराफ्यात ओढून घेतल्यावर खोकत खोकत अण्णांचे पहिले वाक्य निघाले, "न गाळलेले पाणी प्यालो." लेक रडत होती, ती हसू लागली.

नवव्या रॅपिडपाशी वाटाड्याने सर्वांना काठावर उतरवले. प्रवाशांना घेऊन जाणे म्हणजे आत्महत्याच, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. तिथे माणसे खडकांवरून चालत जातात आणि रिकामा तराफा पाण्यात सोडला जातो. नातवाचा हिरमोड झाला. अण्णा मात्र वाटाड्याकडे आदराने पाहत होते. रोज नदीवर जगणाऱ्या माणसाला आपण कुठे थांबायचे ते ठाऊक होते. ते नातवाला म्हणाले, "आपल्याकडे याला यत्नाचार म्हणतात. तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. भीती होती, हे खरे. पण भीती वेगळी आणि सावधपणा वेगळा. मी भीतीलाच सावधपणा समजत आलो."

दुपारी शांत पाण्यात वाटाड्या बोलता झाला. या घळीत २,४०० मेगावॅटचे धरण बांधण्याची योजना आहे. ते झाले तर यांतले बरेच रॅपिड बुडतील आणि त्याचा रोजगारही. पण त्या वर्षी दुष्काळाने करिबाचा जलाशय आटला होता, त्याच्या घरी दिवसातले मोजके तासच वीज होती आणि मुले अंधारात अभ्यास करत होती. करिबा धरणासाठी १९५० च्या दशकात सुमारे ५७,००० टोंगा लोक उठवले गेले, त्यांत त्याचे आजोबाही होते. "मी कोणत्या बाजूने बोलू?" त्याने विचारले. कोयनेची वीज वापरणाऱ्या आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची मुले शिकवलेल्या अण्णांपाशी त्यावर उत्तर नव्हते.

घळीतून वर येण्याची चढण उभी होती. नातू पुढे निघून गेला. मध्ये एका दगडावर टेकल्यावर अण्णा लेकीला म्हणाले, "पुरात नाव दारात आली होती. तुझी आई पिशवी घेऊन उभी होती. मीच नको म्हणालो."

"ठाऊक आहे मला, अण्णा. आईनं फोनवर सांगितलं होतं तेव्हाच."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अण्णा घाबरलेत गं. त्यांना एकट्याला सोडून मी कशी जाऊ?"

अण्णा बराच वेळ खालच्या पाण्याकडे पाहत राहिले. मग उठले. वर पोहोचले तेव्हा सूर्यास्ताला तास-दीड तास होता. त्यांनी डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, गाळून उकळलेले पाणी प्याले. न गाळलेले पाणी पोटात गेल्याचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी उपवास केला. पहाटे सामायिकाला बसताना नातू न बोलावता शेजारी येऊन बसला. दूरवर, अंधारात, धबधब्याची घरघर ऐकू येत होती.